दारावरची कन्या

काटेवाल्याची व्हॅन मूळची लाल होती, हे आता फक्त काटेवाल्यालाच माहीत होतं. गल्लीतले काही जण तिला गुलाबी म्हणत. काही म्हणत, तिला रंग असा नाहीच, ती नुसती लाजून उभी आहे. कोपऱ्यावरच्या पेंटरचं तोंड त्याच्या ब्रशापेक्षा जास्त चालायचं. तो छातीठोक सांगायचा की एकदा एक वऱ्हाड तिला नवरीची गाडी समजून आत चढलं आणि अर्धा रस्ता गेल्यावर काटेवाल्याला पत्ता लागला. हे साफ खोटं होतं. वऱ्हाड पाव रस्त्यातच उतरलं होतं, कारण चढ आला.

चढ आणि ती व्हॅन यांचं हाडवैर होतं. तिच्या पोटात पितळी पारडी, साखळ्या आणि बोटाच्या नखाएवढ्या चकतीपासून थेट रांगत्या पोराएवढ्या लोखंडी गोळ्यापर्यंत सगळी वजनं भरलेली असायची. चढ लागला की काटेवाला खाली उतरून तिच्याशी चार गोड शब्द बोलायचा. एकदा एका म्हातारीनं त्यांना चढावर मागं टाकलं, तेही डोक्यावर गादी घेऊन, आणि वर पोचल्यावर ती बिचारी त्यांच्यासाठी थांबलीसुद्धा.

बिघडलेले वजनकाटे दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. धंद्यावरूनच त्याला नाव पडलं, आणि ते इतकं चिकटलं की खरं नाव त्यालाही आठवून सांगावं लागे. हात असा की त्यानं लावून दिलेल्या तराजूत माशीनं बसून नुसता उसासा टाकला तरी काटा हलायचा. एका दुकानदारानं तर हात जोडले होते, "इतका खरा नका हो लावू, मला बायकापोरं आहेत." काटेवाल्याची पद्धत एकच होती, बापाकडून आलेली: तराजू झुकला की जड बाजूचं घासून कमी करायचं. हलक्या बाजूला शिसं चिकटवून भर घालणारे कारागीर एक तर चोर, नाही तर आळशी. "भर घालायची नाही," तो म्हणायचा, "घासायचं. खरं काय ते घासल्यावर कळतं." एवढं एकच वाक्य तो आयुष्यभर बोलत आला होता आणि त्याचं त्यात भागलंही होतं.

आता त्या दाराची गोष्ट.

व्हॅनच्या डाव्या दारावर, म्हणजे शेजारी बसणाऱ्याच्या दारावर, पेंटरनं फार वर्षांपूर्वी पांढऱ्या रंगात 'काटेवाले' असं लिहून दिलं होतं. मधोमध लिहायचं सोडून त्यानं ते एका कडेला लिहिलं. विचारलं तर म्हणाला, "पुढं जागा ठेवलीय. संसार वाढतो माणसाचा." पण संसार वाढायच्या ऐवजी घटला. काटेवाल्याची बायको गेली, मागं एक मुलगी राहिली, बारकी. तिला सांभाळायला काटेवाल्याची थोरली बहीण आक्का येऊन राहिली, ती राहिलीच. पण बारकी काही आक्काच्या पदराला टिकली नाही. दात पडायच्या वयात ती व्हॅनमध्ये चढली आणि वजनांमध्ये बसून फिरायला लागली. एके दिवशी बाप जेवायला गेला असताना तिनं एक मोडका तराजू उघडला, घासला, लावला. बापानं येऊन पाहिलं. काटा मधोमध उभा होता, शाळेत पहिल्या बाकावर बसलेल्या पोरासारखा. बापानं स्टिकरचा एक पिवळा ताव आणून तिच्यापुढं टाकला.

"काय करू याचं?"

"दारावर जागा आहे. तुझं तू काप."

तिनं ब्लेडनं अक्षरं कापली: 'आणि कन्या'. 'क'चं पोट इतकं सुटलेलं की पेंटर म्हणाला, हा क जेवून आलाय. 'न्या' तर तिरकी होऊन दाराच्या मुठीकडं निघालेली. पण चिकटवली. बाजारात लोक हसले. 'आणि मुलगे', 'आणि बंधू' असं असतं. 'आणि कन्या' कुठं असतं? काटेवाला म्हणायचा, "आमच्याकडं असतं."

पुढं विजेवरचे काटे आले. पारडी नाहीत, साखळ्या नाहीत, नुसते लाल आकडे. बारकी तोवर मोठी झाली होती, तिनं ते उघडायला शिकून घेतले. आणि एकदा भर बाजारात, एका गिऱ्हाईकानं आणलेला जुना तराजू हातात घेऊन ती म्हणाली, "काका, यात आता काही राम नाही. नवा घ्या." गिऱ्हाईकानं काटेवाल्याकडं पाहिलं. काटेवाल्याचा चेहरा त्याच्या व्हॅनपेक्षा लाल झाला, आणि तेव्हा व्हॅन आजच्यापेक्षा बरीच लाल होती. तो म्हणाला, "कन्येला उतरवली तरी ही गाडी चालेल."

बारकी उतरली. दुसऱ्या गावी विजेच्या काट्यांच्या कारखान्यात लागली. ती गेली त्याच दुपारी काटेवाल्यानं गरम पाणी घेतलं, तिचंच ब्लेड घेतलं आणि 'आणि कन्या' खरवडून काढलं.

पण कपाळाचं खरवडून जात नाही म्हणतात, तसं झालं. स्टिकरच्या खालच्या रंगानं इतकी वर्षं ऊन पाहिलंच नव्हतं. बाकी दार विटून गेलेलं आणि अक्षरांच्या जागी तीच अक्षरं, लालभडक, नवीकोरी, पोट सुटलेल्या 'क'सकट. वर ब्लेडचे आडवेतिडवे ओरखडे, मांजरानं पंजा मारावा तसे. कन्या काढली आणि कन्या आणखी ठळक झाली. काटेवाल्यानं त्या दिवसापासून व्हॅनचं ते अंग अंगणाच्या भिंतीकडं करून ती उभी करायला सुरुवात केली. तिकडं ऊन पोचत नव्हतं आणि लोकांची नजरही. मधल्या बोळात फक्त आक्का जायची, धुणं वाळत घालायला. बारकीशी फोनवर बोलायचीही आक्काच. काटेवाला तेव्हा शेजारच्या खोलीत बसून एखादं वजन पुसायचा. ते एक वजन पुसून पुसून इतकं झिजलं होतं म्हणतात की पुढं मापात बसेना.

अशात फोन आला. ठेवल्यावर आक्का दारात येऊन उभी राहिली.

"बारकी चाललीय. समुद्रापलीकडं. कायमची. तिकडं स्वतःचं दुकान टाकतेय, काट्यांचंच. रविवारी दुपारी तासभर येऊन जाते म्हणाली. संध्याकाळची गाडी आहे तिची."

काटेवाला वजन पुसत राहिला. मग म्हणाला, "स्टेशनावर कशी जाणार?"

"टॅक्सीनं जाईल की."

"टॅक्सी कशाला? घरी गाडी असताना?"

आक्कानं पदर तोंडाला लावला. हसली की रडली ते तिलाच माहीत.

पण बोलून तर गेला, आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कारण व्हॅनमध्ये बसायचं म्हणजे बारकी डाव्या दारानं बसणार. मुठीला हात घालणार, आणि मुठीच्या खालीच ते. बापानं ब्लेडनं खरवडलेलं तिचं स्वतःचं अक्षर. ते बघून ती मागच्या मागं वळली तर? आणि आता वळली की वळली, पुन्हा कुठली येतेय! उरल्या आयुष्यात त्याला त्या पोरीबरोबर एकदाच बसायला मिळणार होतं, स्टेशनापर्यंत. तेवढ्यासाठी ते दार साफ होणं भाग होतं.

सकाळी तो पेंटरकडं गेला.

"पेंटर, गाडीचा रंग परत आणायचाय."

"कुठून?" पेंटर म्हणाला. "गेला कुठं होता?"

"थट्टा नको."

"अरे काट्या, तो जुना रंग आहे, आतपर्यंत एकच. वरचा थर उन्हानं मेलाय, बाकी खाली जिवंत आहे. तो मेलेला घासून काढायचा. ओलं फडकं, घासायची पेस्ट, हातभर तुकडा घ्यायचा, गोल गोल फिरवत जायचं. मग पॉलिश, मग मेण. मात्र कडांवर जपून. तिथं रंग पातळ असतो, भसकन खालचं करडं अस्तर बाहेर येतं. आणि एकदा आलं की मग माझ्याकडं यायचं नाही, देवाकडं जायचं."

घासणं म्हटल्यावर काटेवाल्याच्या जिवात जीव आला. भर घालायची असती तर तो अडला असता.

त्यानं व्हॅन भिंतीपासून काढून अंगणात मधोमध आणली. साबणानं धुतली, कोरडी केली आणि टपापासून सुरुवात केली. फडकं फिरवलं की लाल व्हायचं. एक फडकं झालं, दुसरं झालं, आक्काचं एक जुनं लुगडं गेलं. बादलीतलं पाणी असं दिसायला लागलं की समोरच्या घरातली बाई कठड्यावरून ओरडली, "अहो, काय कापताय?"

"गाडी!" आक्का खालून ओरडली. "म्हातारी झाली म्हणून!"

पण टपावर जे वर आलं ते बघून काटेवाला दोन पावलं मागं सरला. लाल. डाळिंब फोडल्यावर दिसतं तसं, ओलं, खोल लाल. त्यात आभाळ दिसत होतं, आणि एक कावळा, आणि कावळ्याला स्वतःचं तोंड. तो कावळा म्हणे पुढं रोज आरशात बघायला यायचा. काटेवाल्याच्या खांद्यातून कळा येत होत्या, बोटांची कातडी सुरकुतली होती, पण टप झाला, पुढचं बॉनेट झालं, उजवं अंग झालं, आणि गल्लीतले लोक कामावरून येताना थांबून बघायला लागले. रोज थोडं थोडं करत तो डाव्या दाराशी आला तेव्हा रविवार उद्यावर होता.

पेंटर मुद्दाम आला होता. 'काटेवाले' या पांढऱ्या अक्षरांवर त्यानं कागदी पट्टी चिकटवून दिली, म्हणजे घासताना ती जाऊ नयेत. मग दारावर पाणी मारलं, आठवड्याची धूळ वाहून गेली, आणि पेंटर पुढं वाकला.

"अरे," तो म्हणाला, "कन्या आहे की इथं."

काटेवाल्यानं फडकं पिळलं.

"क अजून जेवूनच आहे बघ," पेंटर म्हणाला. मग नाक खाजवत म्हणाला, "मी तुझ्या जागी असतो तर तेवढं सोडून बाकीचं घासलं असतं."

जन्मभर थट्टा करणाऱ्या माणसाचं हेच वाईट असतं. तो खरं बोलला तरी समोरच्याला चिमटाच लागतो. काटेवाला म्हणाला, "झाली करमणूक? आता जा." पेंटर गेला.

आक्का धुण्याची बादली घेऊन दोरीपाशी आली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ती माणसं आवाजावरून आणि भाजी वासावरून ओळखायची, पण कपडे वाळत घालताना नाक दाराला लागायचं तेवढ्या अंतरावरून तिला दारावरची अक्षरं तेवढी दिसायची.

"हे दार घेतलंस का आता?" ती म्हणाली. "नीट घास हं. पोरगी पहिली तिथंच बघणार."

"तेच म्हणतोय मी."

"मग झालं. अगदी लख्ख कर."

दोघा भावंडांचं बऱ्याच वर्षांत एखाद्या गोष्टीवर एवढं एकमत झालं नव्हतं. आक्का समाधानानं आत गेली.

काटेवाल्यानं पेस्ट घेतली. आधी अक्षरांभोवतीचं विटलेलं घासलं. ते हळूहळू लाल होत अक्षरांच्या जवळ आलं, पण मिळेना. अक्षरं एक मात्रा गडदच. मग त्याला त्याची विद्या आठवली: जड बाजूचं कमी करायचं. त्यानं पाण्यात भिजवून घासायचा बारीक कागद घेतला आणि अक्षरांवरून फिरवला. ओरखडे गेले. 'आ' गेला. थोडं भोवती, थोडं मधे, पुन्हा भोवती, डोळा तिरका करून बघायचं, पुन्हा. काटा मधोमध यावा तसं दार एकेक अक्षरानं एकसारखं होत गेलं. 'णि' गेली. 'क'चं पोट चिवट होतं. ते शेवटपर्यंत एका बाजूनं दिसत राहिलं, दुसऱ्या बाजूनं नाही. 'न्या' मुठीकडं तिरकी गेलेली होती, तिथं दाराला कड होती, आणि कडेवर हात जरा जास्त चालला. तांदळाएवढा करडा ठिपका बाहेर आला. काटेवाल्यानं तो फडक्यानं पुसला. मेण लावल्यावर तो दिसेनासा झाला. म्हणजे बघणाऱ्याला. त्याला दिसत होता.

दुपार कलली तेव्हा दारावर काही नव्हतं. पट्टी काढली. 'काटेवाले' तेवढं एका कडेला पांढरं राहिलं आणि पुढं नुसतं लाल. कितीतरी वर्षांनी त्यानं व्हॅन अंगणात उलटी लावली, डावं अंग फाटकाकडं करून.

संध्याकाळी आक्का कपडे काढायला आली. दाराशी वाकली. अजून वाकली. पदरानं डोळे पुसले, पुन्हा नाक दाराला लावलं.

"काय झालं?" काटेवाल्यानं विचारलं.

"काही नाही रे," आक्का म्हणाली. "माझे डोळे आता पार गेले वाटतं. हेसुद्धा दिसेना." आणि कपड्यांचा बोचका छातीशी धरून भिंत चाचपत आत गेली.

रविवारी दुपारी टॅक्सी फाटकाशी थांबली. बारकी उतरली. चष्मा लागला होता, कानाजवळ केस पांढरे झाले होते, आणि हातात एक गुंडाळी होती, लांबट, पातळ कागदाची. तिनं टॅक्सीवाल्याला पैसे देऊन टाकले आणि जा म्हणून सांगितलं. काटेवाल्यानं ते खिडकीतून पाहिलं. थांबवली नाही टॅक्सी! पुढं तो बाहेर कसा आला, चप्पल पायात होती की नाही, त्याला आठवत नाही.

"बाबा," ती म्हणाली.

"ये," तो म्हणाला. "वाळलीस."

"तुम्हीपण."

"मी आधीपासूनच."

ती हसली. आक्का दारातून, "आली का? कुठाय? आवाज दे गं," करत पायरी उतरली आणि तिला कवटाळून बसली. बारकी तिच्या खांद्यावरून व्हॅनकडं बघत होती.

"अगंबाई. लाल केलीत?"

"आता बघ कशी झाली," काटेवाला म्हणाला. लोकांपुढं कधी न फुगलेली त्याची छाती आत्ता फुगली. "सगळी हातानं. पेंटरला हात लावू दिला नाही."

बारकी आक्काला सोडून डाव्या दाराकडं गेली. चष्मा वर केला. मग खाली बसली, अंगणाच्या फरशीवर, गुडघे टेकून, आणि दारावरून तळवा फिरवला. तिचा तळवा बापाचाच होता. दिसत नाही ते त्याला लागायचं.

"इथंच होतं ना?" ती म्हणाली.

"काही राहिलं नाही," काटेवाला घाईघाईनं म्हणाला. "बघ तू पाहिजे तर. कुठूनही बघ. एकसारखं."

बारकी बसूनच राहिली. मग आक्काकडं बघून म्हणाली, "आत्या, तू तर म्हणालीस अजून दिसतं."

"दिसत होतं गं!" आक्का म्हणाली. "रोज दिसत होतं. मी कपडे वाळत घालताना रोज वाचायचे. कालपासून मला वाटलं, माझेच डोळे गेले." ती चाचपत पुढं आली, दाराला हात लावला. मग भावाकडं वळली. भाऊ कुठं उभा आहे हे तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून ती जरा बाजूच्या हवेशी बोलली. "अरे, काय केलंस तू?"

काटेवाला टपावरचा नसलेला डाग बाहीनं पुसायला लागला.

बारकीनं हातातली गुंडाळी फरशीवर ठेवली. तेलकट पातळ कागद होता, शिंपी बेतायला वापरतात तसला, आणि आत एक पेन्सिल. "छाप घ्यायला आणला होता," ती म्हणाली. "आत्या म्हणाली, खरवडलं तरी जात नाहीये, भिंतीकडं लावून जपून ठेवलंय. म्हटलं, तिकडं दुकानाच्या दाराला तसंच कापून लावू. क तसाच." तिनं पेन्सिल बोटांत फिरवली. "माझ्याच्यानं आता तसा येत नाही. खूप करून बघितला."

"खरवडलेलं तुला दिसू नये म्हणून," काटेवाला म्हणाला. "तुझ्यासाठीच घासलं."

"मला खरवडल्याचं तेव्हाच कळलं होतं, बाबा. सगळ्या बाजारानं फोन करून सांगितलं." ती उठली. तिनं पुन्हा एकदा मुठीखाली बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं, बरोबर त्या ठिपक्यावर. "इथं जास्त गेलंय."

"हो," काटेवाला म्हणाला. "इथं जास्त गेलं."

एवढंच वाक्य त्यानं आपल्या परीनं सगळ्याबद्दल म्हटलं होतं, बाजारातल्या त्या दिवसापासूनच्या सगळ्याबद्दल, पण ते ऐकायला कामाबद्दलच लागलं. बारकीनं मान हलवली, जशी दुसऱ्या कारागिराच्या चुकीवर हलवतात तशी, राग न धरता. राग धरला असता तर बरं झालं असतं.

चहा झाला. आक्कानं दोनदा साखर घातली, सगळ्यांनी तसाच पिऊन टाकला. बारकी दुकानाबद्दल चार गोष्टी सांगत होती, खोली कशी आहे, थंडी कशी आहे. काटेवाला हं हं म्हणत होता. मग वेळ झाली.

ती डाव्या दारानं बसली. मुठीला हात घालताना तिनं खाली पाहिलं नाही. बघण्यासारखं काही नव्हतंच. काटेवाल्याला जे पाहिजे होतं ते सगळं झालं होतं: बारकी शेजारी बसलेली, व्हॅन लाल, रस्ता स्टेशनाचा. लोक वळून बघत होते. एकानं तर हात करून विचारलं, "नवीन घेतली?"

चढ आला. व्हॅननं नेहमीप्रमाणे धीर सोडला. काटेवाल्यानं मनात वाक्य जुळवलं होतं, घरापासून जुळवत आणलं होतं. घासून घासून एकच शब्द राहिला होता.

"बारके—"

"दुसरा गिअर, बाबा," ती म्हणाली.

त्यानं दुसरा टाकला. व्हॅन चढली. बहुतेक जन्मात पहिल्यांदाच एका दमात चढली, निलाजरी. एरवी तिथं पाव तास तरी गेला असता, आणि पाव तासात माणूस काहीतरी बोलतोच.

स्टेशनापुढं थांबायला जागा नव्हती. मागून हॉर्न वाजायला लागले. बारकीनं पिशवी घेतली, वाकून त्याच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला, मधे गिअरचा दांडा आला, म्हणून तिनं त्याच्या गुडघ्यालाच हात लावला. उतरून दार लावलं, खिडकीतून म्हणाली, "काम चांगलं झालंय. जपून जा." आणि गर्दीत मिसळली. मागच्या गाडीवाल्यानं काटेवाल्याला शिवी दिली. ती त्याला बरी वाटली.

गुंडाळी सीटवर राहिली होती. विसरली की ठेवून गेली, यावर आक्काचं आणि त्याचं अजून एकमत नाही.

दुसऱ्या दिवशी पेंटर आला तेव्हा काटेवाला अंगणात बसला होता. फरशीवर तो कागद पसरलेला आणि हातात बारकीचं जुनं ब्लेड. त्यानं अक्षरं कापली होती. पण हात सवयीचा. 'क'चं पोट मोजून मापून बसलेलं, 'न्या' ओळंब्यात उभी. बाजूला कापून टाकलेल्या 'क'ांचा ढीग पडला होता, सगळे सडपातळ, सगळे उपाशी.

"हे काय?"

"चिकटवतो दारावर," काटेवाला म्हणाला. "गाडी उन्हात लावतो. मागच्या वेळी असंच झालं होतं ना? बाकीचं विटलं, खालचं राहिलं."

पेंटरनं दाराकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं. "हा कागद पहिल्या पावसात जाईल रे."

"पुन्हा लावीन."

"आणि विटायला केवढी वर्षं लागतात ठाऊक आहे का? ती पोर दुधाच्या दातांची होती तेव्हापासून..." एवढं बोलून पेंटर थांबला. काटेवाल्याचं वय त्याला माहीत होतं, दोघे एकाच वर्गात नापास झाले होते. पुढचा विनोद त्याच्या जिभेवर आलेला होता, पण त्यानं तो गिळला, आणि गल्लीच्या इतिहासात तो एकटाच गिळलेला विनोद.

काटेवाल्यानं अक्षरं चिकटवली. व्हॅन फिरवून दार उन्हाकडं केलं. आक्कानं सावली पडू नये म्हणून धुण्याची दोरी सोडून दुसरीकडं बांधली, आणि येता जाता विचारू लागली, "दिसतंय का रे काही?"

"अजून नाही," काटेवाला म्हणाला.

आणि त्या दिवशी सकाळपासून आभाळ आलेलं होतं.